अर्ज दुसऱ्याने का भरून द्यावा?

अनेक सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षरे लहानमोठी करण्याची बटणे असतात, शेजारी काळ्या पार्श्वभूमीचा पर्याय. कमी दिसणाऱ्यांना त्यांचा थोडाफार उपयोग होतो. पण ज्यांना दिसतच नाही, त्यांची खरी अडचण अर्जाच्या पानावर सुरू होते, आणि सुलभतेची परीक्षा तिथेच व्हायला हवी.

अंध माणूस स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आधाराने संगणक चालवतो. एनव्हीडीए हे त्यातले एक, मोफत मिळणारे. ते मराठीही वाचते. टॅबची कळ दाबत एकेका चौकटीवर जायचे आणि ती कशाची आहे ते कानांनी ऐकायचे. चौकटीला कोडमध्ये नाव जोडलेले नसेल, तर ऐकू येते फक्त 'एडिट, ब्लँक'. पुढच्या चौकटीवर पुन्हा 'एडिट, ब्लँक'. यात आडनाव कुठे लिहायचे आणि खाते क्रमांक कुठे? जन्मतारखेचे कॅलेंडर अनेकदा माउसशिवाय उघडत नाही. कॅप्चाच्या वेड्यावाकड्या अक्षरांना अनेकदा आवाजाचा पर्याय नसतो. एवढ्यात वेळ संपते आणि भरलेले सगळे पुसले जाते. मग गाठायचे सेवा केंद्र. तिथे आधार क्रमांक, पासबुक, ओटीपी सारे परक्या माणसाच्या हवाली करायचे. स्वतःची नोकरी करून घर चालवणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, हा त्याचा अपमान आहे, आणि त्याच्या पैशाला धोकाही.

मराठीत आणखी एक दुखणे आहे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, की तो डोळ्यांना कागद दिसतो, स्क्रीन रीडरला मात्र ते नुसते चित्र असते; त्यात वाचण्याजोगे अक्षरच नसते. युनिकोडआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या मजकुराचे तर निरर्थक रोमन अक्षरांचे कडबोळे ऐकू येते. योजना दिव्यांगांसाठी, आणि तिचे परिपत्रक त्यांनाच वाचता येत नाही! नव्या परिपत्रकाची मूळ युनिकोड फाइल बहुतेकदा कार्यालयातल्या संगणकावर असतेच. तीच चढवायला कसला खर्च येतो?

कायदा केव्हाच झाला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले आणि तेव्हापासून दोन वर्षांत सरकारी व खासगी सेवा सुलभ करायच्या होत्या. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष केवळ शिफारशीपुरते ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. त्याच न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा निकाल त्याहून पुढे गेला. अॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना बँकेच्या डिजिटल केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, पापणी लववून दाखवायला सांगितले जात होते. पापणीच उरली नाही, तर लववायची कशी? डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि वीस निर्देश दिले.

आता प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि तिची किल्ली संकेतस्थळाच्या निविदेत आहे. चौकटींना नावे देणे, चित्रांना वर्णन जोडणे, चित्रफितींना कर्णबधिरांसाठी उपशीर्षके देणे, सगळे काम कळफलकावरून होईल असे पाहणे, ही कामे बांधणी सुरू असतानाच केली तर फार खर्चाची नाहीत. तयार संकेतस्थळ नंतर उकलून दुरुस्त करणे महाग पडते. म्हणून कंत्राटदाराचे अंतिम देयक एका अटीला बांधावे : अंध, कर्णबधिर आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींनी पहिल्या पानापासून पोचपावतीपर्यंतचा अर्ज कोणाच्याही मदतीशिवाय भरून दाखवलेला असावा. प्रत्येक मोठ्या बदलानंतर ही चाचणी पुन्हा व्हावी. आणि ती करणाऱ्यांना तज्ज्ञ म्हणून रीतसर मानधन मिळावे. त्यांना आभाराच्या पत्रावर राबवून घेऊ नये.