कुरतडणाऱ्या जिवाची कैफियत

मुलांच्या हट्टाने घरात एखादा प्राणी यावा, आठ दिवस त्याचे कौतुक व्हावे आणि नवव्या दिवशी त्याच्या उपजत सवयीमुळेच तो सर्वांच्या डोळ्यांत सलू लागावा, हा प्रकार आपल्या एकत्र कुटुंबांस नवा नाही. कुत्रे रात्री भुंकते, मांजर दुधात तोंड घालते आणि गिनीपिग कुरतडतो. पहिल्या दोहोंच्या खोडी आपल्या आजी-पणजींच्या परिचयाच्या असल्यामुळे त्यांवरचे उपायही घरोघर ठाऊक असतात. गिनीपिग मात्र आपल्याकडे नवखा पाहुणा. त्याच्या कुरतडण्याचा अर्थ सांगणारे माणूस घरात सहसा नसते. म्हणून या महिन्याचे हे सदर आम्ही त्यालाच देत आहोत.

निमित्त झाले ते बुलढाणा जिल्ह्यातून, घाटाखालच्या एका गावाहून आलेल्या पत्राचे. घरात लहानमोठी अकरा माणसे. धाकट्या दिरांच्या मुलाच्या हट्टावरून दिवाळीत एक गिनीपिग आणला. त्याने आजवर मोबाईलच्या चार्जरच्या दोन वायरी, मामंजींच्या पोथीच्या बासनाचा कोपरा आणि मधल्या दाराची चौकट कुरतडली. पहाटे तो पिंजऱ्याच्या तारा दातांत धरून ओढतो व त्या खडखडाटाने सासूबाईंची झोप मोडते. त्याला शेतावर सोडून यावे असे आता घरातील वडील मंडळींचे मत पडले आहे. मुलाने मात्र दोन दिवस अन्न टाकले. ‘ही खोड मोडण्याचा काही उपाय आहे काय?’ असे आमच्या या भगिनी विचारतात.

प्रथम शेताविषयी. ज्यास आपण ‘सोडून देणे’ म्हणतो ते या प्राण्याच्या बाबतीत मारणेच होय. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मुलखातला. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्यास माणसाळवले आणि सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. इतक्या पिढ्या माणसाच्या आसऱ्याने काढलेल्या या जिवास बीळ खणता येत नाही, झाडावर चढता येत नाही, आणि मुंगूस, बोका वा घार यांच्यापुढे पळून पळून तो किती पळणार? कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी ज्याचा सांभाळ पत्करला त्याला असे टाकून येणे सुसंस्कृत घरास शोभत नाही. तेव्हा तो मार्ग मिटला असे समजून पुढे बोलू.

आता मूळ प्रश्न. गिनीपिगच्या तोंडात एकंदर २० दात असतात : पुढे वर दोन व खाली दोन पटाशीचे, आणि आत दोन्ही बाजूंस मिळून १६ दाढा. माणसाचा दात एकदा उगवला की त्याची वाढ थांबते. याचा प्रत्येक दात, दाढासुद्धा, जन्मभर वाढतच असतो. पिल्लू जन्मास येते तेच अंगावर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन, आणि एक-दोन दिवसांत ते गवत चघळू लागते. सारांश, चावणे ही त्याला मागाहून लागलेली खोड नव्हे, तो त्याचा देहधर्म आहे. तो मोडता येणार नाही. मोडू गेल्यास प्राणीच मोडेल. आपल्या हाती आहे ते इतकेच की, त्या दातांना योग्य काम द्यावे. ते मिळाले नाही म्हणजे दात आपले काम आपणच शोधतात, आणि मग चौकट, वायर, बासन हे सर्व त्यांना सारखेच.

हे योग्य काम म्हणजे गवत. दाढा झिजतात त्या गवताने, कारण गवताच्या पात्यात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात आणि ते दळताना जबडा आडवा फिरतो. लाकडाच्या तुकड्याने फार तर पुढचे दात घासले जातील. आतल्या दाढांस त्याचा उपयोग नाही. दाढा वाढल्या की खालच्या दाढा जिभेवर कमानीसारख्या झुकतात, जीभ अडकते आणि प्राणी भरल्या ताटापुढे उपाशी राहतो. आमचा अनुभव असा की, पुष्कळ घरांत या प्राण्यास पोळीचा तुकडा, भिजवलेले हरभरे, बिस्किट, फार झाले तर काकडी देतात आणि त्याचे पोट भरले असे मानतात. पोळी चार घासांत संपते. गवत चघळण्यात त्याचा दिवस जातो. बारा तासांचा रिकामा वेळ आणि वाढते दात एकत्र आले म्हणजे काय होते, हे आमच्या भगिनींच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले आहे.

तेव्हा पहिला उपाय असा : त्याच्या अंगाएवढा वाळलेल्या गवताचा ढीग रात्रंदिवस त्याच्यापुढे असावा, आणि संपण्यापूर्वी तो पुन्हा भरावा. आपल्या वऱ्हाडात गवताचा तोटा नाही. हरळी, म्हणजे आपण गणपतीस वाहतो त्याच दूर्वा, त्याला उत्तम मानवते, मारवेलही चांगले. परंतु निर्माल्यातल्या हळदकुंकू लागलेल्या वा कुजलेल्या दूर्वा त्याला घालू नयेत. ताज्या आणून, धुऊन, पाणी निथळून द्याव्यात. हिरवे गवत एकदम पोटभर दिल्यास पोट फुगते, म्हणून थोड्यापासून आरंभ करावा. बांधावरचे गवत आणताना तेथे तणनाशक वा कीटकनाशक फवारलेले नाही ना, हे शेतावरच्या माणसास विचारून घ्यावे. कुसळी गवताची कुसळे तोंडात व डोळ्यांत रुततात, ते वर्ज्य.

शेतातून घरात सहज येणाऱ्या इतर जिनसांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्वारीच्या वाळलेल्या कडब्याची पाने चालतील. पण ज्वारीची कोवळी अथवा पाण्यावाचून खुरटलेली हिरवी ताटे विषारी असतात, हे गुरे राखणारास ठाऊक आहेच. सरकी गाई-म्हशींस चालते म्हणून यास देऊ नये. तिच्यातील द्रव्य रवंथ न करणाऱ्या प्राण्यांस बाधते. कुटाराची धूळ नाकात जाते आणि ते गवताची जागा घेऊ शकत नाही. लसूणघास चुन्याच्या अंशाने भारी असतो. वाढत्या पिल्लास वा गाभण मादीस थोडा द्यावा, मोठ्या प्राण्यास रोज दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचे भय असते. कांदा, लसूण आणि बटाटा मुळीच देऊ नये. विरंगुळ्यासाठी पेरूच्या वा तुतीच्या न फवारलेल्या डहाळ्या पिंजऱ्यात टाकाव्या. कण्हेर, रुई, एरंड व धोतरा यांच्या काड्या चुकूनही आत जाऊ देऊ नयेत.

इतके करूनही कुरतडणे थांबले नाही तर? मग त्याचे एकटेपण पाहावे. हा कळपातला प्राणी आहे. एकट्याने कोंडलेला गिनीपिग तारा ओढतो तो बहुधा कंटाळ्याने. स्वित्झर्लंड देशाने तर २००८ साली असा नियमच केला की, गिनीपिग एकटा ठेवू नये. आमची सूचना अशी की, दोन माद्या वा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर ठेवावेत. नर-मादीची जोडी ठेवल्यास पिल्लांचा प्रश्न लवकरच उभा राहतो. नवा सोबती आणल्यावर काही दिवस मध्ये जाळी ठेवून, एकमेकांचा वास परिचयाचा होऊ देऊन, मगच एकत्र सोडावे. दोघांस मिळून निदान आठ-दहा चौरस फूट जागा हवी. दुकानात मिळणारा लहान पिंजरा ही जागा नव्हे. प्रत्येकास दडण्यासाठी दोन तोंडांची एक खोकी द्यावी. तळाशी जुनी सुती फडकी अंथरण्यास हरकत नाही, मात्र त्यांच्या दशा सुटलेल्या नसाव्यात. दोरा पोटात गेल्यास आतडी अडतात. एकमेकांचे केस कुरतडलेले दिसले तर ती बहुधा गवत कमी पडत असल्याची खूण समजावी.

पहाटेच्या खडखडाटाविषयी एक बारीक गोष्ट आहे. तारा वाजल्या की कोणीतरी उठून त्याला काही खावयास घालते आणि आवाज थांबतो. पण त्याबरोबर तो हेही शिकतो की, तारा वाजविल्या म्हणजे खाऊ येतो. याउलट रात्री निजण्यापूर्वी गवत भरपूर भरावे, भाजी ठरल्या वेळी द्यावी आणि आवाज चालू असता जवळ जाऊ नये. रागावणे, चापट मारणे, तोंडावर पाणी उडवणे यांचा उपयोग नाही. तो स्वभावाने भित्रा. शिक्षेचा संबंध अपराधाशी न लावता तो केवळ शिक्षा करणाऱ्या हातास भिऊ लागतो. चौकटीस तिखट वा कडू तेल लावण्याचीही पद्धत आहे. ती आम्ही सोडण्यास सांगू, कारण डोळ्यांस व तोंडास इजा होते आणि मूळ भूक तशीच राहते.

घराचा बंदोबस्त मात्र आपणच केला पाहिजे. उन्हाळ्यात खामगाव, शेगाव, मलकापूर या बाजूस पारा चाळिशीच्या वर चढतो व घरोघर कूलर लागतात. त्याची जमिनीवरून गेलेली वायर हा सर्वांत मोठा धोका होय. ती नळीतून न्यावी अथवा हातभर उंच बांधावी. चार्जर वापरून झाला की काढून ठेवावा. रंग दिलेले जुने लाकूड, प्लॅस्टिकच्या पिशव्या, तंबाखूची डबी आणि औषधाच्या गोळ्या त्याच्या वाटेत नसाव्यात. पिंजऱ्याबाहेर सोडावयाचे ते एका खोलीत, दार लावून, कोणीतरी जवळ बसले असता. उन्हाविषयीही जपावे : ३० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो, म्हणून घाटाखालच्या घरांत त्याची जागा माजघरात, सर्वांत थंड कोपऱ्यात असावी, कूलरचा झोत मात्र सरळ अंगावर नसावा. घाटावर बुलढाण्यास हवा त्यामानाने सौम्य असली तरी गच्चीवर वा पत्र्याखाली पिंजरा ठेवू नये.

दात घट्ट राहावयाचे तर आणखी एका गोष्टीची गरज आहे, आणि तीत त्याचे आपल्याशी विलक्षण साम्य आहे. बहुतेक प्राणी ‘क’ जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसास व गिनीपिगला ते येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट व फ्रोलिक या दोघा संशोधकांनी गिनीपिगांस केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांस होणारा स्कर्व्ही रोग झाला. त्या वाटेनेच पुढे १९३२ च्या सुमारास हे जीवनसत्त्व निश्चितपणे ओळखले गेले. आपल्या प्रांतावरही या प्राण्याचे ऋण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. परळ येथील ज्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात, तेथील संशोधकांनी १९०५ नंतर प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि प्लेग पसरविणारी ती पिसूच, हे सिद्ध होण्यास साहाय्य झाले. ज्याच्या जिवावर आपण इतके शिकलो त्याच्या ताटात रोज थोडी कोथिंबीर, ढोबळी मिरचीची फोड किंवा पेरूचा लहानसा तुकडा पडावा, यात काही अधिक नाही. त्याला रोज शरीराच्या दर किलोमागे सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास हिरड्या सुजतात, सांधे दुखतात, दात हलू लागतात.

आता शेवटची व सर्वांत महत्त्वाची सूचना. कुरतडणारा गिनीपिग घरास उपद्रव देतो. कुरतडणे थांबलेला गिनीपिग स्वतः संकटात असतो. हनुवटी ओली दिसणे, घास तोंडाशी नेऊन टाकणे, लेंड्या लहान वा कमी होणे, वजन उतरणे, या खुणा दाढांच्या दुखण्याच्या होत. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नाही तर उद्याची वाट पाहू नये. पशुवैद्यास गाठताना त्यांना लहान प्राण्यांचा अनुभव आहे काय, हे विचारावे. आपल्या शेजारी अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, तेथे आधीच चौकशी करून ठेवणे बरे. माणसाच्या औषधांच्या डब्यातील गोळी मात्र कधीही देऊ नये. पेनिसिलीन व ॲमॉक्सिसिलीन ही आपल्यास जीवदान देणारी औषधे पोटात गेल्यास यास मारक ठरतात.

एकत्र कुटुंबात सर्वांचा म्हणून असलेला प्राणी पुष्कळदा कोणाचाच नसतो, आणि त्याचे काम शेवटी घरातल्या थकलेल्या सुनेवर येते. आमची विनंती अशी की, ज्या मुलाने अन्न टाकले त्याच्याकडेच गवत भरणे, पाणी बदलणे व दर रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून वहीत मांडणे ही कामे सोपवावीत, आणि त्यावर एका मोठ्या माणसाची देखरेख असावी. गवताचा भारा शेतावरून आणण्याचे काम वडील मंडळींनी पत्करले, तर त्याला शेतावर सोडण्याचा विचार त्यांच्या मनात पुन्हा येणार नाही, असा आमचा भरवसा आहे. हा प्राणी पाच ते आठ वर्षे जगतो. तोपर्यंत तो मुलगा कॉलेजच्या उंबरठ्यावर आलेला असेल. दुसरा गिनीपिग आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी हा हिशेब एकदा एकत्र बसून करावा.