पाणी अडलं, पण कोणाच्या सातबाऱ्यावर?



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीवर एक जीप आली. मारुतीच्या पारावर बैठक झाली. आलेले साहेब चांगले होते, खोटं कशाला बोलू. आपल्यासारखा कोरा चहा प्याले, खाली मातीत बसले. म्हणाले, मी सामाजिक उद्योजक आहे. म्हणजे धंद्याचा हिशोब लावून समाजाचं काम करायचं. डोंगरावर समतल चर खोदायचे, सीताफळ लावायचं, बायांचे बचत गट करायचे, गर काढून शहरात विकायचा. 'शाश्वत विकास' आणि 'सक्षमीकरण' हे शब्द इतक्या वेळा आले की मी मोजायचे सोडून दिले. शेवटी पिशवीतून एक कागद निघाला. ग्रामसभेचा ठराव होता. डोंगर पाच वर्षं चराईला बंद, आणि संस्थेच्या कामाला गावाची हरकत नाही.

माझी आजी मागं बसली होती. ती म्हणाली, "साहेब, डोंगर बंद केल्यावर शेरडं काय ठराव खातील व्हय?" सगळे हसले. साहेबही हसले. पण उत्तर कोणीच दिलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. बाहेरून आलेला प्रत्येक माणूस लुटायलाच येतो, असं मी मानत नाही. आपल्याच जालना तालुक्यातलं कडवंची पाहा. विजयअण्णा बोराडे, त्यांचं मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांनी तिथं पाणलोटाचं काम उभं केलं. १९९६ च्या सुमाराला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून ते सुरू झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, गावानं श्रमदान केलं, पुढं लोकांनी शेततळी केली, द्राक्षबागा लावल्या. २०१२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरत होते, मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या. त्या वर्षीही कडवंचीत द्राक्षं टिकली. हे काम खरं आहे. एका माणसानं चिकाटी धरली आणि गाव सोबत आलं, तर आपल्या या कोरड्या मुलखातही पाणी टिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याबद्दल मनात आदर ठेवूनच पुढचं बोलते.

पाण्याची एक रीत आहे. डोंगरावर अडवलेलं पाणी खाली झिरपतं आणि ज्याच्या विहिरीत निघतं त्याचं होतं. विहीर कोणाची? ज्याच्या नावावर सातबारा त्याची. शेततळ्याला अनुदान कोणाला? सातबारा असेल त्याला. बँकेचं कर्ज, ठिबक, पीकविमा, सगळीकडं पहिला कागद तोच मागतात. कडवंचीच्या शेतकऱ्याकडं जमीन होती, म्हणून पाणी आल्यावर तो उभा राहिला. आमच्या वस्तीवरच्या भिल्ल कुटुंबांकडं काय आहे? वनाच्या हद्दीत बापजाद्यांनी फोडलेलं दगडाळ शिवार, ज्याचा दावा भरलाय पण निकाल नाही. आणि शेरडं. पाणी अडवण्यात चूक नाही. पण ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याच्यापर्यंत ते पाणी पोहोचत नाही.

आम्ही हे एकदा भोगलंय. मी शाळेत होते तेव्हा आमच्या शेजारच्या टेकडीवर एका संस्थेनं असंच काम केलं. चर कोणी खोदले? आम्हीच. माझी माय आणि बाप दोघंही कुदळ घेऊन जायचे, मजुरी मिळाली, दोन उन्हाळे बरे गेले. मग टेकडीवर चराईबंदी आली. कुऱ्हाडबंदी आली. खालच्या शिवारातल्या विहिरींना पाणी वाढलं, कापूस गेला आणि ऊस आला. आमची अकरा शेरडं होती, आठ बाजारात विकली. त्या दिवाळीनंतर बापानं मुकादमाकडून पहिल्यांदा उचल घेतली आणि घरादारासकट कोयत्याला गेलो. माझी दहावीची सहामाही तशीच बुडाली. पुढं गावात लावलेल्या फलकावर लिहिलं होतं, 'भूमिहीनांना रोजगार मिळाला.' ते खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं.

मग काय संस्थांना हाकलून द्यायचं? नाही. दुसरं एक उदाहरण देते. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. त्या गावाला मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरच्या माणसाची साथ मिळाली, गावातून देवाजी तोफा उभे राहिले. पण निर्णय कोणा एकाचा नव्हता. गावात अभ्यासगट बसायचा, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालायची. २००९ मध्ये त्यांनी वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. नंतर बांबू विकायला निघाले तर वाहतूक परवान्यावरून अडवलं. ते भांडले. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे मंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. बांबूचा धंदा तिथंही झाला, पण आधी हक्क आला, मग धंदा. म्हणून पैसा ग्रामसभेच्या खात्यात गेला. मला दोन्ही गावांतला फरक एवढाच दिसतो, आणि तो फार मोठा आहे.

कोणी म्हणेल, गडचिरोलीत जंगल आहे, पेसा कायदा आहे, आपल्या जालन्यात काय आहे? खरं आहे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पेसा इथं लागू नाही. आपली वस्ती पाच-पंचवीस घरांची, गाव मोठं, ग्रामसभेत हात मोजले तर आपण हरणारच. पण २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्र पाहत नाही. जिथं वनजमीन आहे तिथं तो लागू आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा असेल तर चार हेक्टरपर्यंत पट्टा मिळतो, नवरा-बायको दोघांच्या नावानं. चराई हासुद्धा त्या कायद्यात लिहिलेला हक्क आहे. पुराव्याला म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही धरतात. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातून कोणाला उठवता येत नाही. आणि वनहक्क समितीत दोन तृतीयांश माणसं आदिवासी लागतात, एक तृतीयांश बाया लागतात. गावात आपण थोडे असलो तरी त्या समितीत थोडे नाही. हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जीप आली की चहा द्यावा, पण सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत.

एक. ज्या डोंगरावर काम करायचं त्याच्यावर आपले दावे आहेत का? असतील तर ठरावात पहिली ओळ हीच पाहिजे की, या कामानं कोणाच्याही दाव्याला बाधा येणार नाही.

दोन. चराई बंद करायची तर कोणता तुकडा, किती दिवस, आणि तोवर शेरडांना चारा कुठला? सगळा डोंगर एकदम बंद नको. एक तुकडा बंद, दुसरा उघडा, असं फिरवून करता येतं. आपले म्हातारे तसंच करत आले.

तीन. झाड लावलं तर फळ कोणाचं? गर विकला तर खातं कोणाच्या नावावर, पासबुक कोणाच्या घरात, आणि हिशोब वस्तीवर वाचून कोण दाखवणार?

चार. संस्था पाच वर्षांनी गेली की मागं काय राहणार, आपला हक्क की नुसता फलक?

जो माणूस खरंच सक्षमीकरणासाठी आलाय, त्याला हे प्रश्न टोचणार नाहीत. उलट तो आपले दावे भरायला मदत करील, मोजणीच्या दिवशी सोबत उभा राहील. ज्याला राग येईल, त्यानं आपली जीप वळवावी.

आता थोडं आपल्याच संघटनेबद्दल. राग येऊ देऊ नका. आपण मोर्चे काढतो, तहसीलसमोर बसतो, ते हवंच. पण आपल्यातल्या ज्यांना पट्टे मिळाले, त्यांच्या जमिनीकडं नंतर आपण वळून पाहिलं का? दगड तसेच, बांध नाही, पावसाची माती ओढ्याला. रोजगार हमीतून पट्ट्याच्या जमिनीवर बांधबंदिस्ती करता येते, मागणी मात्र आपणच भरावी लागते. कडवंचीकडून शिकायचं असेल तर हे शिकावं. मेंढ्यानं हक्क शिकवला, कडवंचीनं पाणी शिकवलं. आपल्याला दोन्ही पाहिजेत, आणि ह्याच क्रमानं पाहिजेत.

काही वडीलधारे म्हणतात, "पोरी, आधी पोट, मग हक्क. दोन उन्हाळ्यांची मजुरी येतीय, ती कशाला घालवतेस?" त्यांची भूक मी हसण्यावारी नेत नाही, ती माझ्याही घरात आहे. पण ती मजुरी आपण एकदा खाल्ली आणि तिसऱ्या वर्षी कोयता उचलला. ह्या वेळी मजुरीही घेऊ आणि डोंगरही सोडणार नाही.

ठरावाचा कागद अजून सही व्हायचा आहे. येत्या ग्रामसभेला वस्तीवरच्या सगळ्या बाया येणार आहेत. आजी म्हणते, मी पुढं बसणार. ह्या वेळी तिला उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही. तुमच्या गावातही असा कागद आला असेल, तर सही करण्याआधी संघटनेच्या बैठकीत घेऊन या. मिळून वाचू.

– भोकरदन तालुक्यातली एक कार्यकर्ती