गळा कुणाचा, मालकी कुणाची?

अमेरिकेतील ब्लूज गायनाला इलेक्ट्रॉनिक ठेक्याची जोड देण्याचा प्रघात आता जुना झाला असला, तरी त्यावरील वाद मिटलेला नाही. परंपरेचे अभिमानी म्हणतात, यंत्राने गाण्याचा आत्मा मारला. यंत्राचे अभिमानी म्हणतात, यंत्रानेच जुन्या गाण्याला नवे श्रोते दिले. दोन्ही पक्ष नादाविषयी भांडतात. श्रमाविषयी कुणीच बोलत नाही.

ब्लूज यंत्रापासून कधीच दूर नव्हता. मिसिसिपीच्या कापूसमळ्यांत, वाट्याने शेती कसणाऱ्या कर्जबाजारी कृष्णवर्णीयांमध्ये तो वाढला. मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोला गेला. उद्योगनगरीच्या कोलाहलात साध्या गिटारचा आवाज पोचेना, तेव्हा त्याने विजेची गिटार हाती घेतली. दक्षिणेतून पोटासाठी उत्तरेत आलेल्या लक्षावधी श्रमिकांचे गाणे असे विजेवर चालू लागले. त्याच शिकागोत १९७७ नंतर ‘वेअरहाऊस’ या नृत्यगृहात फ्रँकी नकल्सच्या हाताखाली ‘हाऊस’ संगीत घडत गेले. त्याचे पहिले श्रोते बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी तरुण होते. तेव्हा ब्लूज आणि हा ठेका परस्परांचे शत्रू नव्हेत. एकाच स्थलांतरित समाजाच्या पोटी जन्मलेली ती थोरली-धाकटी भावंडे आहेत. त्यांचे मीलन अशुद्ध ठरवणे इतिहासाला धरून नाही.

खरा प्रश्न मालकीचा आहे. व्हेरा हॉल ही अलाबामातील लिव्हिंग्स्टन गावची स्त्री. स्वयंपाक करून, लोकांचे कपडे धुऊन ती पोट भरी. लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी १९५९ च्या दौऱ्यात तिच्या गळ्यातून ‘ट्रबल सो हार्ड’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. हे गीत मुळात धर्मगीतांच्या परंपरेतले, म्हणजे ब्लूजच्या अगदी शेजारचे. १९६४ साली ती वारली. १९९९ साली मोबी या संगीतकाराने तोच आवाज यंत्राच्या ठेक्यावर बसवून ‘नॅचरल ब्लूज’ केले. ते ज्या ‘प्ले’ संग्रहात आहे, त्याच्या जगभर एक कोटीच्या आसपास प्रती खपल्या आणि त्यातील अठराही रचना जाहिराती, चित्रपट, दूरचित्रवाणी यांसाठी भाड्याने गेल्या. मोबीच्या कसबाविषयी शंका नाही. परंतु ज्या आवाजावाचून ती रचना उभीच राहिली नसती, त्या आवाजाच्या धनिणीला आपला गळा कुठे आणि कशासाठी वापरला जावा, हे सांगण्याची संधी मिळाली नाही.

याउलट उदाहरणही आहे. मिसिसिपीचा आर. एल. बर्नसाइड, जन्म १९२६, हाही वाट्याने शेती केलेला माणूस. त्याच्या गायनावर यंत्राचे ठेके चढवलेली ‘कम ऑन इन’ ही तबकडी १९९८ साली निघाली. ती त्याच्या हयातीत आणि त्याच्याच नावाने निघाली. तंत्र तेच; कलावंताचे स्थान मात्र निराळे.

कायदा या बाबतीत श्रमिकाच्या बाजूने क्वचितच उभा राहिला. अमेरिकेच्या संघीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिले ते १९७२ पासून. त्याआधीच्या मुद्रणांना ते मिळायला २०१८ साल उजाडले. आणि असे हक्क बहुधा मुद्रण करणाऱ्याकडे वा कंपनीकडे जातात, गाणाऱ्याकडे नव्हे. लोमॅक्स यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या संस्थेने पुढे जुन्या मुद्रणांच्या प्रती त्या त्या गावांना परत देण्याचे काम हाती घेतले, हे स्वागतार्ह आहे. पण प्रत परत करणे म्हणजे मिळकतीत वाटा देणे नव्हे.

म्हणून मागणी नेमकी हवी. गाणाऱ्याचे नाव रचनाकाराच्या नावाच्या बरोबरीने छापले जावे. प्रत्येक वापरातून त्याच्या वारसांना, वारस नसल्यास त्याच्या समाजाला, ठरलेला हिस्सा मिळावा. जाहिरातीसाठी वापर असेल तर त्यांची संमती बंधनकारक असावी. यंत्रावर बंदी घालून ब्लूज वाचणार नाही. ज्यांच्या दुःखातून तो जन्मला, त्यांचा त्याच्यावरील हक्क मान्य झाला, तर त्याला कोणत्याही ठेक्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.