उशिरा उमजलेले कुमार गंधर्व

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उपभोक्त्याची आवडनिवड ही गृहीत धरलेली गोष्ट असते. ती कोठून येते, कशी बदलते, हा प्रश्न आम्ही मंडळी समाजशास्त्राच्या दारात नेऊन ठेवतो आणि मोकळे होतो. हे शिकवण्यात हयात गेली, त्या काळात कुमार गंधर्वांचे गाणे मला फारसे भिडत नव्हते. साठीनंतर मात्र ते सोडवत नाही. ध्वनिमुद्रणे तीच आहेत. तेव्हा बदलले काय, याचा विचार करणे भाग पडले.

कुमारांवरून महाराष्ट्रातील रसिकांत जी भांडणे झाली, ती सर्वांना ठाऊक आहेत. १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावी येथे जन्मलेले कुमार बालवयातच मैफली गाजवू लागले, मुंबईस देवधरांकडे शिकले आणि क्षयाने गाठल्यावर १९४८ मध्ये देवासला गेले. काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा विलंबित ख्यालाच्या संथ बढतीला सरावलेल्या श्रोत्यांना त्यांचे गाणे तुटक वाटले. भक्तांनी उलट त्यांना देव्हाऱ्यात बसवले. (दोन्ही पक्षांत ऐकणारे थोडे आणि बाजू घेणारेच फार!)

माझे कान आग्रा घराण्यावर पोसलेले. लयीशी चाललेली ती झुंज मला आजही प्रिय आहे. त्या मापाने कुमारांना मोजू गेले की ते उणेच भरतात. दुखावलेल्या फुप्फुसामुळे श्वास पुरत नाही म्हणून ते थांबतात, असे सरसकट म्हटले जाई. निवांतपणे ऐकताना ध्यानात येते की, थांबण्यापूर्वीचा स्वर असा ठेवलेला असतो की पुढचा, न उच्चारलेला स्वर आपणच मनात गातो. श्रोत्याला असे कामाला लावणारे गाणे सभा, मोर्चे आणि उत्तरपत्रिका यांच्या धबडग्यात कोणाला झेपणार?

परंपरा मोडल्याचा आरोप तर मला मुळातच उलटा वाटतो. देवासच्या वास्तव्यात त्यांनी माळव्यातील लोकगीते ऐकली, त्यांचे स्वरलेखन केले आणि काही धुनांतून नवे राग उभे केले. मालवती, संजारी, लगनगंधार हे त्यांचे ‘धुनउगम’ राग. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या बंदिशी आहेत. रागाचे मूळ लोकधुनेत आहे असे म्हणणे म्हणजे संगीताची मालकी घराण्यांच्या वतनदारीतून काढून शेतावरच्या, जात्यावरच्या कंठाकडे परत नेणे होय. मात्र या रागांना कुमारांचे नाव लागले आणि ज्यांच्या ओठी धुना होत्या त्या बायका अनामिकच राहिल्या. कुमारांच्या चाहत्यांनीही हा हिशेब टाळू नये.

आमच्या चळवळीतील एका जुन्या सहकाऱ्याचा आक्षेप निराळाच. निर्गुणी भजने ऐकवून या गायकाने मध्यमवर्गाला गुंगी दिली, असे ते म्हणतात. गुंगी येणाऱ्यांना ती कशानेही येते. कुमारांच्या कबिरात माळव्यातील नाथजोग्यांचा रोखठोक ठसका आहे. डोळे मिटून डोलण्याची सोय त्यात फारशी नाही. शिवाय १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने पुतळे आणि टपालतिकिटे निघत असताना, या माणसाने गांधीमल्हार हा राग रचला. आमच्या सहकाऱ्यांनी तो अद्याप ऐकलेला नाही. येत्या पावसाळ्यात त्यांना घरी बोलावले आहे. वाद ऐकून झाल्यावर घालायचा, एवढीच अट घातली आहे.