विषवल्लींची कैफियत

चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुलांनी मधल्या सुटीत फोडून खाल्ल्या आणि उलट्या-जुलाबांनी हैराण झालेल्या त्या पोरांना ग्रामीण रुग्णालयात हलवावे लागले, अशी बातमी महाराष्ट्रात कोठून ना कोठून अधूनमधून येतच असते. आणि ती आली म्हणजे विषारी झाडे शाळा, उद्याने व वस्त्या यांच्या हद्दीतून समूळ उपटून काढावीत, अशी तजवीज सुचविणारा एक पक्ष लागलीच उभा राहतो. दुसरा पक्ष याच्या अगदी समोरचा. जे जे मातीतून उगवले ते ते निरुपद्रवी, अपाय काय तो कारखान्यात शिजलेल्या रसायनांचा, आणि झाडपाल्याचे औषध लागू पडले नाही तरी ते बाधत मात्र नाही, ही त्याची श्रद्धा आणि, आजकाल, त्याचा व्यापारही. हे दोन पक्ष परस्परांना कितीही पाण्यात पाहोत, त्यांचा मूळ प्रमाद एकच आहे असे आमचे मत आहे. दोघेही सबंध झाडाला न्यायासनापुढे उभे करून त्याचा एकरकमी निवाडा मागतात. वास्तविक विष झाडाच्या सर्व अंगांत सारखे नसते, शरीरात शिरण्याच्या सर्व वाटांनी सारखे बाधत नाही आणि सर्व मात्रांत सारखे वागत नाही. सबब निवाडा द्यावयाचा तो अंगाचा, मार्गाचा आणि मात्रेचा.

पहिल्या पक्षाचे म्हणणे पोरकट समजून उडवून लावणे अन्यायाचे होईल. पिवळी कण्हेर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून इकडे आली, देवळांच्या आवारांत पूजेची फुले पुरवू लागली, आणि तिच्या कठीण बीत हृदयाचे स्पंदन विस्कटून टाकणारी द्रव्ये आहेत ही माहिती मात्र फुलांबरोबर घरोघर पोचली नाही. घाणेरीही अशीच शोभेसाठी आणलेली. ती गुरांचे यकृत बिघडवते, आणि तिने रानेच्या रानेही व्यापली. घाणेरीपुरती उपटण्याची मागणी आम्हांला बिनतक्रार मान्य आहे.

परंतु असे फर्मान एकदा सुटले म्हणजे ते थांबणार कोठे? एरंड घालवावा लागेल. टरफलातील तेलाने सोलणाऱ्या बायकांचे हात भाजतात म्हणून कोकण-गोव्यातील काजू घालवावा लागेल. कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांनी घसा खवखवविणारे सुरण आणि अळू, ज्यांना चिंच-आमसुलाच्या आंबटाने ताळ्यावर आणण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, तेही हद्दपार होतील. आणि ज्या साबुदाण्यावर अवघ्या महाराष्ट्राची एकादशी निभावते, तो तमिळनाडूतील सेलमकडे ज्या टॅपिओका कंदापासून बनतो, त्या कच्च्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. किसणे, धुणे व वाळविणे या खटाटोपातच ती निघून जातात. तेव्हा उपटण्याच्या मोहिमेवर निघणाऱ्यांनी निदान उपास सोडून निघावे. खुद्द चंद्रज्योत शेताच्या बांधावर लावली गेली ती तिला गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून. म्हणजे ज्या गुणासाठी तिला कुंपणाची चाकरी मिळाली, तोच गुण आता तिच्यावरील आरोप झाला आहे.

अंगभेदाचा हा विचार काही पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला नाही. सुश्रुताने कल्पस्थानात स्थावर विषाची दहा अधिष्ठाने सांगितली, ती बहुतेक मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक अशी अंगवार आहेत. कण्हेर आणि गुंज यांची गणना तो मूळविषांत करतो. एरंडाचे पाहा. त्याच्या बीतील रायसिन हे अत्यंत जहाल विषांपैकी एक. तरी तेल गाळताना ते तेलात न उतरता पेंडीत राहते, आणि उष्णतेने त्याचा जोर मोडतो, म्हणून त्याच बीचे तेल पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या घशात उतरत आले. गुंजेचे अखंड बी सोनाराच्या तागडीत निर्धास्त बसते, आणि कठीण कवचामुळे चुकून गिळले गेले तरी बहुधा जसेच्या तसे बाहेर पडते. तेच फुटले वा चावले गेले तर गाठ अॅब्रिनशी. बिब्ब्याचा काळा रस अंगावर उतला म्हणजे कातडी फोडांनी भरून जाते, पण त्याच फळाच्या पोटातील गोडंबी डिंकाच्या लाडवात मानाने पडते. मार्गभेदाचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील क्युरारीइतके ठसठशीत दुसरे नाही. वेलींच्या सालींपासून केलेले हे बाणांचे विष रक्तात मिसळताच स्नायू लुळे पडून सावजाचा श्वास थांबतो. मात्र त्या सावजाचे मांस शिकारी निर्वेधपणे खातो, कारण पोटातून ते रक्तात जवळजवळ शोषले जात नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा पक्ष चरकाचा हवाला फार देतो. तीक्ष्ण विषही युक्तीने योजिले तर उत्तम औषध होते, असे चरकसंहिता सांगते खरे. पण औषधही दुर्युक्त झाले तर विष होते, हा त्याच ठिकाणचा मजकूर हे लोक दप्तराबाहेर काढीत नाहीत. ज्या वैद्यांनी कुचल्याचे बी, म्हणजे कोकणातला काजरा, गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून, तुपात परतून शुद्ध केल्याखेरीज रोग्याला द्यावयाचे नाही असा दंडक घातला, त्यांना तो नैसर्गिक असल्यामुळे निरुपद्रवी वाटत होता असे म्हणणे ही त्यांची विटंबना आहे. धोतऱ्याची गोष्ट तर याहून बोलकी. त्याची पाने ओढल्याने दमेकऱ्याचा श्वास मोकळा होतो हे इथले ज्ञान 1802 च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडात पोचले आणि दम्याच्या विड्या तिकडे दीर्घकाळ खपल्या. पण त्याच धोतऱ्याचे बी वाटसरूच्या अन्नात कालवून त्याला बेशुद्ध करून लुटण्याचा धंदाही याच देशात चालत असे, आणि ते बी मिरचीच्या बीपासून कसे ओळखावे याची चर्चा आपल्याकडील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांना करावी लागली. शिवाय धोतऱ्यातील अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक, अंगागणिक आणि ऋतूगणिक बदलते. एका झाडाच्या दोन पानांनी आराम पडला म्हणून दुसऱ्या झाडाच्या दोन पानांनी पडेल, ही हमी कोणी द्यावी? कळलावीचा कंद रताळे समजून खाल्लेल्यांचेही असेच. तीतील कोल्चिसिन संधिवाताच्या एका प्रकारात आजही दिले जाते, परंतु ते मिलिग्रॅममध्ये मोजून, आणि तेवढ्यातही जपून.

मात्रा हा आमच्या मंडनाचा गाभा असल्याने पश्चिम आफ्रिकेतील कॅलबारच्या घेवड्याची हकीकत जरा विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. तेथील एफिक लोकांत आरोपीला या बीचा काढा पाजून दिव्य करवीत: ओकला तर निर्दोष, मेला तर दोषी. एडिंबरोचे विषशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी 1855 साली त्याचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला, आणि अवयव गळू लागताच दाढीचे पाणी पिऊन वांती करून जीव वाचविला. (विद्वत्तेची ही तऱ्हा कोणी अनुकरू नये.) 1864 साली त्यातून फायसोस्टिग्मीन वेगळे काढण्यात आले, आणि वजनकाट्यावर चढताच दिव्याचे ते विष कामाला लागले: 1877 मध्ये काचबिंदूवर, 1934 मध्ये मेरी वॉकर या डॉक्टर बाईंच्या हातून स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनिया या रोगावर. धोतऱ्याच्या विषाला त्याचा उतारा चालतो. त्याच्या धर्तीवर घडविलेले नीओस्टिग्मीन क्युरारीचा प्रभाव उतरवते. आणि क्युरारी म्हणजे 1942 साली मॉन्ट्रिऑलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले तेच बाणांचे विष. आपल्याकडे नाग चावून पापण्या मिटू लागलेल्या रोग्याला प्रतिसर्पविषाच्या जोडीला हेच नीओस्टिग्मीन टोचतात, आणि त्याचा अतिरेक होऊ नये म्हणून बरोबर अॅट्रोपिन देतात, जे धोतऱ्यातही असते. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचेही मोल सर्पगंधा नवीन होती यात नव्हते. तिने रक्तदाब किती उतरतो हे त्यांनी रोग्यागणिक मोजले, यात होते.

मोजण्याची विद्या प्रयोगशाळेत वाढली म्हणून ती तेथेच जन्मली असे समजू नये. कडू कंद चकत्या करून, राखेसह उकडून, वाहत्या ओढ्यात ठेवून गोड करणाऱ्या सह्याद्रीतील आदिवासी बाया त्या विद्येच्या पूर्वसूरी आहेत, आणि शाळेच्या आवारातील झाडांची ओळख मुलांना करून देण्यासाठी अशा एखाद्या बाईला वर्गात बोलावणे कोणत्याही मुख्याध्यापकाच्या अधिकारात बसण्यासारखे आहे.

उपटण्याचे काम मात्र दुसरीकडे जोरात झाले आहे. सह्याद्रीतल्या नरक्याच्या दुर्गंधी झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचे 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखविले. या द्रव्यापासून पुढे कर्करोगावरची औषधे निघाली, आणि मालाला मागणी येताच ते झाड रानातून चोरून तोडले जाऊ लागले. वनखात्याने तोडीवर लक्ष ठेवावेच, पण नरक्याचा माल केवळ लागवडीच्या झाडांचाच घेतला जाईल आणि त्याच्या प्रत्येक खेपेस लागवडीचा दाखला जोडलेला असेल, अशी सक्ती खरेदीदारावर झाल्याखेरीज ती चोरी थांबण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.