समाप्तीची हुरहूर

अमेरिकन कादंबरीकार रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९० साली ‘द व्हील ऑफ टाइम’ ही अद्भुतरम्य ग्रंथमाला आरंभिली. ती अपुरी असतानाच २००७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी ती पूर्ण केली. २०१३ साली १४ वा, अखेरचा खंड आला, तेव्हा वर्षानुवर्षे वाट पाहणारे वाचक कृतार्थ झाले आणि पोरकेही. विसर्जनानंतर माटोळीखालचा रिकामा चौरंग पाहून मन असेच हुरहुरते. या भावनेला पोरकट म्हणणे आम्हांस मान्य नाही. पात्रांसवे वाचकाचे तारुण्यही निरोप घेत असते. मात्र सँडरसन हे मुळात त्याच मालेचे वाचक होते, हे विसरू नये. आवडत्या कथेचे ऋण नुसत्या हळहळीने फिटत नाही. नवे लिहून, निदान ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती देऊन, ते फेडावे लागते.