दोन जिवांची आणि दहा जिभांची

सून गरोदर आहे ही बातमी घरात फुटली की बाळाच्या आधी एक सल्लागार समिती जन्माला येते. तिच्यावर जायला शिक्षण लागत नाही. ‘मी चार बाळंतपणं पाहिलीत’ एवढं भांडवल पुरतं. ज्यांनी बायकोच्या बाळंतपणात बाहेरच्या बाकावर बसून फक्त पेपर वाचला, तेही या समितीत सन्माननीय सभासद असतात.

पहिला ठराव पपईविरुद्ध. तो एकमताने मंजूर होतो. कच्ची पपई टाळावी हे ठीकच. तिच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पिकलेल्या पपईच्या रसाने तसं काही झालं नाही. पण समितीला कच्ची-पिकी ठाऊक नाही. पिकलेली पपई बिचारी धाकट्या बहिणीच्या गुन्ह्यात आत गेलेली आहे!

मग वांगं उष्ण, केळं थंड, शेंगदाणे पित्तकर. अशी वजाबाकी करत करत सुनेच्या ताटात वरणभात उरतो. आणि वर हुकूम काय, तर ‘दोघांचं खा!’ अहो, पोटातल्या पाहुण्याला अजून स्वतंत्र पान लागत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज ३५० कॅलरी जास्त पुरतात, म्हणजे साधारण एक भाकरी आणि वाटीभर उसळ. बाकी केशराचं म्हणाल, तर मुलाचा रंग आईबापांकडून येतो. केशराने रंग चढतो तो दुधाला आणि वाण्याच्या बिलाला.

इथवर हसून सोडता येईल. पण ग्रहण लागलं की हीच समिती त्या पोरीला दिवसभर उपाशी बसवते. लाखो मैलांवरच्या सावलीची एवढी धास्ती; पण पिंपातलं पाणी उकळलंय का, हे विचारायला कुणी उठत नाही. १९५५-५६ साली दिल्लीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तिचा विषाणू पुढे ‘हेपॅटायटिस ई’ या नावाने ओळखला गेला. ही कावीळ इतरांना बहुधा काही आठवडे लोळवून सोडते. गरोदर बाईचा मात्र, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जीव घेऊ शकते. तेव्हा पाणी उकळा, दूध तापवा, भाज्या-फळं नीट धुवा, अंडं पुरतं शिजवा, मोड आलेली कडधान्यं कच्ची देऊ नका. आणि डोहाळे लागले तर पाणीपुरी घरी करा. पपईपेक्षा गाडीवरचं पाणी शतपटीने संशयित आहे.

आता खरी तक्रार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शंभरात बावन्न! सरकार लोहाच्या गोळ्या फुकट देतं. रोज एक, निदान १८० दिवस. तर समिती म्हणते, ‘गोळीने मूल काळं होतं.’ काळी होते ती शौच, मूल नव्हे. कशीबशी गोळी पोटात गेलीच, तर तिच्यावर लगेच कपभर चहा! चहा लोह अंगी लागू देत नाही. चहाला तासभर थांबवा. जेवताना भाजीवर लिंबू पिळा, लोह चांगलं मुरतं.

पण गोळीने तरी किती भरून काढावं? कित्येक घरांत ही दोन जिवांची बाई आजही सगळ्यांच्या मागून जेवते. पंगत उठते, उसळीत नुसता रस्सा उरतो, आणि तो तिच्या वाट्याला येतो. काय खाऊ नये याची यादी दहा जिभांवर तयार. काय उरलं हे पाहायला दोन डोळे नाहीत.

डोहाळजेवणाला तुम्ही तिला फुलांनी मढवून झोपाळ्यावर बसवता, होडीत बसवता, फोटो काढता. जरूर काढा. फक्त उरलेल्या दिवशी तिला पहिल्या पंगतीत पाटावर बसवा, आणि उसळ तिला आधी वाढा.